लांब बाहीची बाई

टेलर मास्तरांच्या घरात कामाची वाटणी लग्नाच्या पहिल्याच महिन्यात झाली होती आणि पस्तीस वर्षांत तिचा एक टाकाही उसवला नव्हता. कापड, कात्री, मशीन आणि गिऱ्हाइकांची कुरकुर मास्तरांकडे. वीज, पाणी, गॅस, फोन, बँक आणि मास्तरांची कुरकुर मास्तरीणबाईंकडे.

पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीवर एक दोरी. त्या दोरीवर कपडे वाळवायच्या चिमट्यांनी बिलं टांगलेली असायची, तारखेप्रमाणे ओळीने. बिल आलं की बाई आधी टॉर्च घेऊन जिन्याखालच्या मीटरपाशी जायच्या. मीटरवरचा आकडा बिलावरच्या आकड्याशी ताडून बघायच्या. जमला तर पैसे भरायच्या आणि बिल उलटं करून पुन्हा टांगायच्या. जमला नाही तर त्या दिवशी वीज कंपनीच्या ऑफिसातल्या माणसांची खैर नसायची. उलटी बिलं वर्षभर ठेवायची आणि मग फाडून टाकायची. चार तुकडे नाही, सोळा. मास्तर चेष्टा करायचे, "बिल फाडतेस की कोशिंबिरीला काकडी चिरतेस?"

मास्तरांचा स्वतःचा कारभार म्हणजे मापाची वही. जाड पुठ्ठ्याची, दोरीने बांधलेली, आणि आतली सगळी मापं पेन्सिलीने लिहिलेली. कारण माणसं जाड होतात, बारीक होतात, परत जाड होतात. मास्तर म्हणत, माणसाचं माप शाईने लिहिणं म्हणजे त्याचा अपमान. काम नसलं की ते खोडरबर घेऊन वहीवर बसायचे. कुणाच्या कमरेत दोन इंच घालायचे, कुणाच्या बाहीतला चुकलेला आकडा सुधारायचे. बेढब माप त्यांना बघवत नसे. एखाद्याच्या डोळ्यांत कुसळ जावं तसं त्यांना व्हायचं.

तर लेकीला मुलगी झाली आणि मास्तरीणबाई दोन महिन्यांसाठी लेकीच्या गावी निघाल्या. आल्या की त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. तारीख मिळालेली होती, डॉक्टर ठरलेला होता, आणि खात्यात एक लाख ऐंशी हजार जमलेले होते. ते जमायला सहा वर्षं लागली होती. तेवढ्या सहा वर्षांत गुडघा मात्र फार पुढे गेला होता. बसच्या पायरीवर बाईंनी आधी डावा पाय ठेवला, मग उजवा त्याच पायरीवर आणला, मग पुढची पायरी. मास्तर मागे हात पसरून उभे होते, जणू पडल्याच तर झेलणार. बाई पडल्या असत्या तर दोघंही आडवे झाले असते.

खिडकीतून बाईंच्या सूचना सुरू झाल्या.

"अहो, घरचा मोबाईल मशीनपाशीच ठेवा. बँक त्याच्यातच आहे. विजेचं बिल बारा तारखेला. आधी मीटर बघायचा."

"बघतो."

"पिन तुमच्या मापाच्या वहीत आहे. शेवटून दुसऱ्या पानावर, 'लांब बाहीची बाई' म्हणून. छाती आणि कंबर, एवढेच चार आकडे. दुसरीकडे कुठे लिहून ठेवू नका."

"माझ्या वहीत? मला न विचारता?"

"त्या वहीला चोर हात लावणार आहे का? आणि हे बघा, फोनवरून कुणीही पैशाचं काही बोललं, तर म्हणायचं, 'बायकोला विचारून सांगतो,' आणि ठेवून द्यायचा."

मास्तरांनी आजूबाजूला बघितलं. बसमधली दोन-चार माणसं हसत होती. "हळू बोल की जरा," ते म्हणाले. "एवढा चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस. बायकोला विचारून सांगतो म्हणे."

"म्हणून तर सांगतेय," बाई म्हणाल्या आणि बस सुटली.

पहिला आठवडा मास्तरांनी अगदी राजासारखा काढला. दुसऱ्या आठवड्यात कारभारात सुधारणा सुरू झाल्या. दोरीवरच्या उलट्या बिलांचं वर्ष भरलं होतं. ती सोळा तुकड्यांत फाडायची पाळी आली तेव्हा मास्तरांच्या मनात आलं, इतका छान पांढरा कागद वाया कशाला घालवायचा? त्यांनी त्याच्या चौकोनी पुड्या केल्या आणि प्रत्येक शिवलेल्या कपड्यासोबत दोन जादा बटणं त्या पुडीत घालून द्यायला लागले. गिऱ्हाइकं खूश झाली. मास्तर त्याहून खूश. पुडीच्या आतल्या बाजूला घराचा पत्ता, ग्राहक क्रमांक, मोबाईलचा नंबर आणि महिन्याची रक्कम होती, पण पुडी काय कुणी उलगडून वाचतं? बटणं काढतात आणि टाकून देतात. कुठे टाकतात, ते मास्तरांनी कधी विचारलं नाही.

अकरा तारखेला दुपारी दुकानात एका नव्या हॉटेलचा मॅनेजर ट्रायलसाठी आला होता. दुसऱ्या दिवशी हॉटेलचं उद्घाटन. वेटरांचे सहा कोट तयार होऊन इस्त्रीच्या वाटेवर होते आणि सातवा, खुद्द मॅनेजरचा, अंगावर चढवून टाचण्या लावणं चाललं होतं. एक बाही लागलेली, दुसरी नुसती टाचलेली.

"कंबर किती धरू?" मास्तरांनी सवयीने विचारलं.

"चौतीस," मॅनेजर पोट आत ओढून म्हणाला.

मास्तरांनी टेप फिरवला. टेप चाळिसावर येऊन थांबला. मास्तरांनी टेप मॅनेजरच्या डोळ्यांसमोर धरला.

"टेप जुना झालाय तुमचा," मॅनेजर म्हणाला.

तेवढ्यात घरचा मोबाईल वाजला.

"नमस्कार, वीज कंपनीतून बोलतोय. तुमचं गेल्या महिन्याचं बिल सिस्टिममध्ये अपडेट झालेलं नाही. आज चार वाजता तुमची लाईन कापली जाईल."

मास्तरांनी भिंतीकडे बघितलं. घड्याळात सव्वातीन. इस्त्री विजेवर, मशीनची मोटर विजेवर, आणि सहा कोट चुरगळलेले.

"अहो, बिल भरलेलं आहे. दोरीवर उलटं टांगलेलं मी स्वतः बघितलंय."

"दोरीवर?" पलीकडचा जरा अडखळला, पण लगेच सावरला. "सर, भरलं असेल, पण अपडेट नाही झालं. तुमचा ग्राहक क्रमांक घ्या." आणि त्याने तेरा आकडे एका दमात म्हटले. मग घराचा पत्ता, जिन्यासकट. "बरोबर ना सर?"

मास्तरांना आपला ग्राहक क्रमांक ठाऊक नव्हता. पण दोरीवरचं बिल काढून बघितलं तर तंतोतंत. एवढं सगळं ज्याला ठाऊक, तो ऑफिसातलाच माणूस असणार. त्यांच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं, बसच्या खिडकीतून दिलेलं. पण समोर मॅनेजर आरशात बघत उभा होता. चाळीस वर्षांचा मास्तर, आणि गिऱ्हाइकासमोर म्हणायचं की बायकोला विचारतो? ते वाक्य त्यांनी टाचणीसारखं ओठांत धरलं आणि तसंच ठेवलं.

"मग करायचं काय साहेब?"

"काही नाही सर, दोन मिनिटांचं काम. मी एक ॲप पाठवतो, ते घ्या. मग बँक उघडून फक्त दहा रुपये भरायचे. बिल आपोआप अपडेट होईल."

दहाच! मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ॲप घेतलं. त्यात 'परवानगी द्या' असं चार वेळा आलं. मास्तरांनी चारही वेळा दिली, चांगल्या घरच्या माणसासारखी. मग बँक उघडली आणि बँकेने पिन विचारला.

"एक मिनिट हं," मास्तर म्हणाले आणि वही काढली. शेवटून दुसरं पान. 'लांब बाहीची बाई. छाती ४१, कंबर ३७.' हस्ताक्षर बायकोचं, आकडे मात्र नीट, ठसठशीत. त्यांनी एक एक बोट दाबत चार, एक, तीन, सात घातले.

बँक म्हणाली, पिन चुकीचा आहे.

"चुकलं वाटतं सर," फोनवरचा म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सिस्टिममध्ये दिसतं सर. नीट आठवा. लवकर, साडेतीन झाले."

मास्तरांनी विचार केला. बायको हुशार आहे, उलटा लिहिला असेल. त्यांनी आधी कंबर घातली, मग छाती. बँक म्हणाली, पिन चुकीचा आहे, आता एकच संधी शिल्लक.

"अहो सर, काय करताय?" आवाजातला मध आटायला लागला होता. "पटकन बघा ना! लाईनमन गाडीत बसलाय. दुसरीकडे कुठे लिहिलाय का? जन्मतारीख टाकून बघा. बायकोची जन्मतारीख काय?"

"मास्तर," इकडून मॅनेजर म्हणाला, "माझा हात भरून आला. चौतीस लिहा नाहीतर चाळीस लिहा, पण हात खाली घेऊ द्या."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या कमरेला पट्टा बांधतो आणि त्याला स्वतःची कंबर ठाऊक नाही. चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने स्वतःचं माप बरोबर सांगितलेलं नव्हतं. नाही म्हणायला तीन-चार जण होते, ज्यांनी दारातूनच छाती, कंबर, बाही, कॉलर धडाधडा म्हणून दाखवली होती. आणि त्यातला प्रत्येक जण दुसऱ्या टेलरचे पैसे बुडवून त्याच्याकडचं माप घेऊन आलेला होता. अशा माणसाला नेहमी घाई असते. आजच पाहिजे, आत्ताच पाहिजे, आणि पैसे नंतर.

फोनवरच्या माणसाला तेरा आकडे पाठ होते. वीज कंपनीत बायको पस्तीस वर्षं जात होती. तिथल्या साहेबांना तिचं नावसुद्धा कधी पाठ झालं नव्हतं.

आणि चुकलेला पिन त्याला दिसला कसा?

मास्तरांच्या डोळ्यांपुढे बसची पायरी आली. आधी डावा पाय, मग उजवा त्याच पायरीवर. ओठांत धरलेली टाचणी त्यांनी काढली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "थांबा. बायकोला विचारून सांगतो!"

"काय?"

"बा-य-को-ला! तिला विचारल्याशिवाय आमच्याकडे सुईतसुद्धा दोरा जात नाही. चार वाजता लाईन कापा, पाच वाजता कापा, काय वाटेल ते कापा!"

त्यांनी फोन ठेवला. फोन लगेच वाजला. त्यांनी कापला. पुन्हा वाजला. मग त्यांनी मोबाईल बंदच केला, बंद झालेला रुमालात गुंडाळला, वळवळणारा उंदीर पकडावा तसा घट्ट, आणि चपला शोधायला लागले.

"मास्तर, कुठे निघालात?" मॅनेजर एका बाहीत उभा राहून ओरडला. "माझी दुसरी बाही!"

"बँकेत! हलू नका, टाचण्या टोचतील!"

बँक दोन गल्ल्या पलीकडे होती. मास्तर गेली कित्येक वर्षं धावले नव्हते आणि धावताना गळ्यातला टेप मागे फडफडतोय हेही त्यांना कळत नव्हतं. बँकेचं शटर अर्धं खाली आलं होतं. ते वाकून आत शिरले.

काउंटरवरच्या बाई हिशेब जुळवत होत्या. "काका, वेळ संपली."

"माझीपण," मास्तर म्हणाले आणि रुमाल काउंटरवर ठेवला. "याच्यात कुणीतरी शिरलंय."

त्या बाईने सगळं ऐकून घेतलं, खाते क्रमांक विचारला आणि कीबोर्डवर बोटं चालवली. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे असं बघत होते, जसं डॉक्टर एक्स-रे उजेडात धरतो तेव्हा पेशंट बघतो.

"पैसे आहेत," ती म्हणाली.

"सगळे?"

"सगळे. पिन दोनदा चुकलाय, एवढंच." तिने खात्याचे फोनवरचे व्यवहार बंद केले, मोबाईलमधलं ते ॲप काढून टाकलं आणि मग चष्मा वर सरकवला. "काका, ते ॲप नव्हतं, खिडकी होती. तुम्ही मोबाईलवर जे करत होता ते सगळं त्याला दिसत होतं. पिन बरोबर पडला असता ना, तर..." तिने वाक्य अर्ध्यावर सोडलं. मास्तरांनीही ते पुरं करायला सांगितलं नाही. "यापुढे असा फोन आला तर ठेवायचा आणि बिलावर छापलेल्या नंबरवर आपण लावायचा. आणि त्याला तुमचा ग्राहक क्रमांक मिळाला कुठून?"

मास्तरांनी शर्टाच्या खिशात हात घातला. मॅनेजरला द्यायची बटणांची पुडी तिथे होती. त्यांनी ती काउंटरवर उलगडली. दोन काळी बटणं गडगडत गेली आणि आतून मास्तरांचा पत्ता, क्रमांक, मोबाईल आणि रक्कम असा सगळा संसार त्या बाईसमोर उघडा पडला.

"अशा किती वाटल्यात?" तिने विचारलं.

"तीसेक," मास्तर बारीक आवाजात म्हणाले. "जादा बटणं देतो ना मी."

काउंटरवरच्या बाईने खाली मान घातली. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

परत येऊन मास्तरांनी आधी मॅनेजरला सोडवलं. तो बिचारा खरंच हलला नव्हता. वीज चार वाजता गेली नाही, पाच वाजताही गेली नाही. कोट इस्त्री होऊन गेले. मग दुकानातल्या जुन्या फोनवरून त्यांनी लेकीच्या फोनवर बायकोला गाठलं. सांगताना त्यांनी गोष्ट जरा शिवून घेतली. ॲपचा भाग दुमडून आत टाकला आणि बँकेपर्यंत धावल्याचा भाग बाहेर काढला. पण बाईंनी पस्तीस वर्षं त्यांची शिलाई बघितली होती. दोनच प्रश्नांत त्यांनी दुमडलेलं सगळं उसवलं.

पलीकडे बाळ कुरकुरत होतं.

"पैसे?" बाईंनी विचारलं.

"आहेत. सगळे. बँकेतल्या बाईने दाखवले."

बाईंनी सोडलेला श्वास इकडे ऐकू आला. मग आवाज नेहमीसारखा झाला. "मग पिन चुकला कसा? मी स्वतः लिहिलाय. काय लिहिलंय वाचा बघू."

"छाती एक्केचाळीस, कंबर सदतीस."

"सदतीस?"

"सदतीस."

"मी सात लिहिलं होतं. शून्य सात. आणि छाती एक्क्याण्णव."

मास्तरांनी वही दिव्याजवळ नेली. आकड्यांखाली खोडरबराचा पुसट डाग होता. मग त्यांना आठवलं. गेल्या पावसाळ्यातली रिकामी दुपार, आणि हे भयंकर माप.

"अगं, सात इंचाची कंबर कुठे असते का?" ते एकदम चिडून म्हणाले. "एक्क्याण्णव छाती आणि सात कंबर! ही बाई आहे की भोवरा? हिला कोट कोण शिवणार? मी म्हटलं, लिहिणाऱ्याची चूक झाली असेल, म्हणून सुधारलं."

"कोण शिवणार होतं तिला कोट? तो पिन होता!"

"ते मला काय माहीत? माप म्हणजे माप!"

आणि मग पलीकडून हसण्याचा असा आवाज आला की बाळ दचकून रडायला लागलं आणि लेक "आई, काय झालं?" विचारत धावत आली. बाई हसता हसता म्हणत होत्या, "पस्तीस वर्षं... पस्तीस वर्षं त्या खोडरबराला शिव्या घातल्या मी..."

मास्तरही हसले, पण जरा उशिराने. त्यांना मघापासून एकच दिसत होतं. त्या दुपारी चार शर्ट शिवायला आले असते, तर त्यांनी वही उघडली नसती, आणि लांब बाहीच्या बाईची कंबर सातच राहिली असती.

दुसऱ्या दिवशी बारा तारीख. मास्तरांनी टॉर्च घेऊन मीटर बघितला, आकडा ताडला, आणि फोनवरचे व्यवहार बंद असल्यामुळे वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन रांगेत उभं राहून बिल भरलं. घरी येऊन ते उलटं टांगलं. उरलेल्या पुड्यांमधली बटणं डब्यात काढली आणि कागदांचे तुकडे केले. मोजून सोळा. ज्या तीसेक गिऱ्हाइकांना पुड्या गेल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन परत मागायचा प्रयत्नही त्यांनी केला. सहा मिळाल्या. एका आजोबांनी तर पुडीसोबत शर्टही परत केला, कॉलर घट्ट होते म्हणून.

दोन महिन्यांनी मास्तरीणबाई आल्या. बसच्या पायरीवरून उतरल्या तशाच, एका पायरीवर दोन्ही पाय. चार दिवसांनी ऑपरेशनची तारीख होती. त्यांनी बँकेत जाऊन पिन बदलला आणि आल्यावर वही मागितली.

"या वेळी मापात नको," मास्तर म्हणाले.

"मापातच. पण शाईने लिहिणार," बाई म्हणाल्या.

डोळ्यांत कुसळ गेल्यासारखी कळ मास्तरांच्या चेहऱ्यावर उमटली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. मास्तरांनी उचलला.

"नमस्कार, हॉस्पिटलमधून बोलतोय. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी निम्मी रक्कम आधी भरायची आहे, तुम्हाला ऑनलाईन..."

"बायकोला विचारून सांगतो," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

"अहो!" बाई शेजारच्या खुर्चीवरच बसल्या होत्या. "मी इथेच बसलेय की. विचारा ना!"

"नंतर विचारतो. आधी हॉस्पिटलच्या फाईलवर छापलेला नंबर दे."

त्यांनी चष्मा लावला, एक एक आकडा दोनदा बघत नंबर लावला आणि पलीकडून तोच मघाचा आवाज आला. वैतागलेला, पण खरा. मास्तर म्हणाले, "पैसे तयार आहेत. पण फोनवरून नाही. उद्या सकाळी काउंटरवर येतो, पावती तयार ठेवा."

मग त्यांनी बाईंच्या उजव्या पायाला गुडघ्याभोवती टेप गुंडाळला आणि आकडा बघून वहीच्या नव्या पानावर लिहिला. बँडेजवरून सहज चढेल अशी सैल पँट शिवायची होती. पेन्सिलीने लिहिला. ऑपरेशननंतर सूज उतरली की सुधारावा लागणार होता.